वरून वाळलं म्हणजे वाळलं नाही: फोटो प्रिंटची शाई आणि क्वालिटी घरच्या घरी कशी तपासायची

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. वेरूळच्या कैलास लेण्याचे चार मोठे प्रिंट काढले होते, जालन्यातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांच्या नव्या दवाखान्यासाठी. सेमी ग्लॉस आरसी पेपर (प्लास्टिकचा थर असलेला फोटो कागद), पिगमेंट शाई (रंगाचे बारीक कण असलेली), प्रिंट एकदम कडक आले होते. सकाळी काढले, दुपारी बोट लावून बघितलं तर कोरडे, संध्याकाळी फ्रेमवाल्याकडे नेऊन टाकले. पंधरा-वीस दिवसांनी डॉक्टरांचा फोन, "अहो, काचेला धुकं धरायलंय, पुसलं तरी जाईना." मला वाटलं दमट हवा असेल, पुसणारा नीट पुसत नसेल. गेलो, फ्रेम उतरवली, मागच्या खिळ्या काढल्या आणि काचेच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं तर बोटाला तेलकट, चिकट असं काहीतरी लागलं. आणि खरी गंमत पुढं आहे, ते धुकं सगळीकडं सारखं नव्हतंच, फोटोत जिथं दगडाची काळी सावली होती तिथं जाड, जिथं आभाळ होतं तिथं जवळपास काहीच नाही. काच उजेडात तिरकी धरली तर तिच्यावर कैलासाचं अख्खं भूत उमटलेलं दिसत होतं.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती कुरडयांचा डबा लावत होती, तिथनंच म्हणली, "वरून वाळलेली कुरडई डब्यात भरली की असंच होणार, उद्या बुरशी धरंल." झालं, विषय संपला. मी ज्याला वाळलं म्हणत होतो ते फक्त वरून वाळलेलं होतं.

तेव्हापासून मी प्रत्येक नव्या कागदावर आणि नव्या शाईवर आधी टेस्ट करतो मगच गिऱ्हाइकाचं काम घेतो. बीड, नांदेड, परभणीकडची बरीच पोरं आता पिगमेंट प्रिंटर घेऊ लागलीत आणि सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. महागडं मशीन लागत नाही. इअरबड, झेरॉक्सचा कोरा कागद, काचेचे दोन तुकडे, पेन्सिल, वही आणि सबुरी एवढं पुरतं, त्यातली सबुरी तेवढी बाजारात मिळत नाही.

आधी शाई कशी वाळते ते समजून घ्या

इंकजेटच्या शाईत सगळ्यात जास्त असतं पाणी. त्यात रंग, आणि त्यासोबत ग्लिसरीन, ग्लायकोल असले पदार्थ, जे मुद्दाम टाकलेले असतात कारण ते नसतील तर शाई नोझलमध्येच, म्हणजे शाई फवारणाऱ्या प्रिंटर हेडच्या बारीक भोकांतच, वाळून बसेल. म्हणजे शाई लवकर वाळू नये याची सोय शाईतच केलेली आहे, आणि आपण मात्र कागदावर पडली की लगेच वाळावी म्हणून तिच्या मागं लागतो. पाणी काही मिनिटांत उडतं आणि कोटिंगमध्ये, म्हणजे कागदावरच्या शाई शोषणाऱ्या थरात, मुरतं, म्हणून प्रिंट बोटाला कोरडा लागतो. ग्लायकोल मात्र हळूहळू, दिवसेंदिवस बाहेर येत राहतो. त्याच्यावर तुम्ही काच ठोकली की त्याला जायला जागा नाही, तो काचेवरच जाऊन बसतो. जास्त शाई तिथं जास्त वाफ, म्हणून भूत काळ्या सावलीचंच उमटतं.

कागदावरही बरंच आहे. आरसी पेपर म्हणजे मधे कागद आणि दोन्ही बाजूंना पॉलिथिनचा थर, थोडक्यात दोन्हीकडून रेनकोट घातलेला कागद, त्याला पाठीमागून श्वास घेता येत नाही, जे बाहेर पडायचं ते वरूनच पडणार. कॉटन रॅग, म्हणजे शंभर टक्के कापसाचा मॅट कागद, उदाहरणार्थ हानेम्युलेचा फोटो रॅग ३०८ जीएसएम (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला कागदाचं ग्रॅममधलं वजन), तो पाठीनंही श्वास घेतो, म्हणून त्याचा हा त्रास बराच कमी. बराइटा कागद मधला, वर चमक असली तरी खाली फायबरचा बेस असतो.

डाय शाईवाल्यांनी (डाय म्हणजे शाईत पूर्ण विरघळलेला रंग) एक लक्षात ठेवा, तुमचा रंग कोटिंगच्या आत मुरतो आणि पहिला दिवसभर थोडाथोडा सरकत राहतो. पिगमेंटचे कण वरच्या थरात बसतात, रंग लवकर स्थिर होतो, पण घासलं तर ओरखडा लवकर पडतो. दोन्हींना एकच नियम लावू नका.

पायरी १: खोली आणि कागद

प्रिंटरसाठी साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता बरी. आता आपल्याकडं मे महिन्यात हवा पापडासारखी आणि जुलै-ऑगस्टमध्ये सादळलेल्या पापडासारखी, त्यामुळं वर्षातले थोडेच महिने आपोआप जमून येतात. शे-पाचशे रुपयांत मिळणारा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि प्रिंटरशेजारी ठेवा, बाकी काही नाही घेतलं तरी चालेल पण हे घ्याच. उन्हाळ्यात कूलर लावला की खोलीतली ओल वाढते, हेडला ते बरंच, पण कूलरचा झोत थेट प्रिंटरवर किंवा वाळत ठेवलेल्या प्रिंटवर नको, पाण्याचे बारीक तुषार आणि धूळ दोन्ही येऊन बसतात, न वाळलेल्या पिगमेंट प्रिंटवर पाण्याचा एक थेंब आणि वर आपली बोटं म्हणजे संपलंच.

कागदाचं पाकीट आणलं की लगेच फोडून छापू नका, एक दिवस त्याच खोलीत राहू द्या. उरलेले कागद झिपच्या पिशवीत, आडवे. कोटिंगची बाजू कळत नसेल तर बोट किंचित ओलं करून कोपऱ्याला लावा, ज्या बाजूला चिकटल्यासारखं होईल ती छापायची बाजू. हसू नका, मी स्वतः उलट्या बाजूला छापून शाईची रांगोळी काढलेली आहे.

लोडशेडिंगवाल्या गावात आणखी एक. प्रिंटर भिंतीच्या बटणानं बंद करू नका, त्याच्या स्वतःच्या बटणानं करा, तेव्हाच हेड जागेवर जाऊन झाकण लावून बसतं. मधेच लाइट गेली तर हेड उघडंच राहतं, आणि मे महिन्यात दोन तास उघडं राहिलं की दुसऱ्या दिवशी नोझल बुजलेले. कॉम्प्युटरचा साधा यूपीएस इंकजेटला पुरतो, त्यावर टाका.

हातकागदाबद्दल खूप जण विचारतात. दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात हातकागद बनतो, तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हापासूनची ही कला असं सांगतात, आणि कागद दिसायला फारच देखणा. पण त्याला इंकजेटचं कोटिंग नसतं, शाई आत बुडते, काळा रंग राखाडी होतो, कडा पसरतात आणि सुटे तंतू हेडला लागायची भीती. त्याच्यावर लिहा, पत्रिका करा, पोर्टफोलिओचं कव्हर करा. माझ्या पोर्टफोलिओचं कव्हर त्याचंच आहे. फोटो छापायचाच असेल तर इंकजेटचं प्रायमर लावून, हौस म्हणून.

पायरी २: छापायच्या आधी प्रिंटर ठीक आहे का

साध्या कागदावर नोझल चेक काढा. सगळ्या रेघा पूर्ण दिसल्या पाहिजेत, एकही तुटलेली चालत नाही. तुटली असेल तर एकदा क्लीनिंग, फार तर दोनदा, आणि तरीही नाही निघाली तर रात्रभर तसंच सोडा, सकाळी बऱ्याचदा आपोआप निघते. सारखी क्लीनिंग मारत बसलात तर महागाची शाई थेट वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत, जाते. नवीन जाडीचा कागद असेल तर हेड अलाइनमेंट, म्हणजे शाई नेमक्या जागी पडावी म्हणून हेड जुळवणं, करून घ्या.

मग मीडिया टाइप, म्हणजे कोणता कागद घातलाय ते प्रिंटरला सांगायचं सेटिंग. ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, कारण प्रिंटर शाई किती टाकायची आणि कोणता काळा वापरायचा हे त्यावरूनच ठरवतो. मॅट कागदाला मॅट ब्लॅक, ग्लॉसी आणि बराइटाला फोटो ब्लॅक. हे उलटं झालं की काय होतं ते पुढं येतंय. कागद बनवणाऱ्या कंपनीनं प्रोफाइलसोबत (त्या कागदासाठी रंग जुळवणारी फाइल) कोणता मीडिया टाइप सांगितलाय तोच ठेवा, आणि रंगाचं काम एकालाच द्या, फोटोशॉप करत असेल तर ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट बंद. दोघांनी केलं तर चेहरे लालभडक येतात, आणि लोक म्हणतात प्रोफाइल खराब आहे.

पायरी ३: स्वतःची टेस्ट शीट बनवा

नेटवर तयार मिळतात, पण स्वतःची केली तर आपल्याला कळतं आपण काय बघायलोय. ए४ पुरते. त्यात पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत ५-५ टक्क्यांनी २१ चौकोन. दुसरी ओळ फक्त अंधाराची, आरजीबी (स्क्रीनवरच्या रंगाचे आकडे, ० काळा, २५५ पांढरा) ० पासून ३० पर्यंत दोन-दोननं. तिसरी उजेडाची, २४५ ते २५५. मग निळ्या आभाळाचा एक सलग ग्रेडियंट, ६ पॉइंटमध्ये थोडी अक्षरं काळ्यावर पांढरी आणि पांढऱ्यावर काळी, आणि केसाएवढ्या बारीक रेघा.

खाली दोन-तीन खरे फोटो कापून टाका, आणि हे आपल्याकडचेच घ्या, कारण आपण छापणार तेच. माझ्या शीटवर कायम तीन असतात. एक कैलास लेण्याच्या आतल्या खांबाचा, काळ्या दगडावरची सावली, प्रिंट अंधारात तपशील गिळतो का हे तिथं लगेच कळतं. दुसरा पैठणीच्या पदराचा, त्यातला रसरशीत जांभळा आणि मोरपंखी बऱ्याच कागदांच्या आवाक्याबाहेर असतो, मग तिथं सपाट डाग होतो का जरीचे धागे वेगळे दिसतात हे बघायचं. तिसरा माझ्या आज्जीचा चेहरा, उन्हातला, सुरकुत्यांसकट. चेहऱ्याचा रंग चुकला तर माणसाला लगेच कळतं, निळा थोडा चुकला तर कुणाला पत्ता लागत नाही.

रिझोल्युशन (इंचाला किती पिक्सेल) एप्सनला ३६०, कॅननला ३०० ठेवा, सगळ्यात चांगली क्वालिटी निवडा आणि हाय स्पीड बंद करा. पाठीमागं पेन्सिलनं, प्रिंट काढायच्या आधीच, तारीख, वेळ, कागद, मीडिया टाइप, प्रोफाइल, खोलीतली ओल असं सगळं लिहा. नंतर लिहू म्हणलं की राहतं, आणि मग सहा शीट हातात घेऊन कोणती कशाची हे आठवत बसायचं.

पायरी ४: पहिल्या दहा मिनिटांत फक्त बिघाड बघा, रंग नाही

प्रिंट बाहेर आला की कडेनं धरा, दोन्ही हातांनी, आणि सपाट ठेवा. या वेळेला बघायचं ते एवढंच की आडव्या रेघा आल्यात का, कडेला हेड घासल्याचे काळे डाग आहेत का, गडद भागात शाईचं तळं साचल्यासारखं दिसतंय का, बारीक अक्षरांच्या कडा फुटल्यात का. रंगावर मत बनवू नका. ओली शाई वेगळी चमकते, मॅटवर तर काळा आधी जास्त खोल वाटतो आणि नंतर बसतो. मी सुरुवातीला प्रिंट हातात गरम-गरम घेऊन लगेच दुरुस्त्या करायचो, कर्व्ह वर, कर्व्ह खाली, आणि दुसऱ्या दिवशी कळायचं की पहिलाच बरोबर होता. त्या महिन्यात दोन पाकिटं कागद गेला.

पायरी ५: तासांची पट्टी

ही टेस्ट माझी सगळ्यात लाडकी. त्याच कागदावर एक पट्टी छापायची, तिच्यात एकसारखे सहा गट, प्रत्येक गटात तीन चौकोन, एक गडद काळा, एक गडद निळा, एक गडद तपकिरी. नुसता काळा का नाही, तर गडद रंगात कधी कधी दोन-तीन शाया एकावर एक पडतात आणि तिथं काळ्यापेक्षा जास्त ओल असते. गटांच्या खाली पेन्सिलनं लिहायचं: १० मिनिटं, १ तास, ६ तास, २४ तास, ३ दिवस, ७ दिवस.

आता त्या-त्या वेळेला फक्त त्याच गटावर कोरडा इअरबड घ्यायचा आणि हलक्या हातानं पाच वेळा फिरवायचा, दरवेळी तेवढाच जोर. मग तो इअरबड फेकायचा नाही, वहीत सेलोटेपनं चिकटवायचा, खाली वेळ लिहायची. आठवड्यानं वही उघडली की सहा इअरबड एका रांगेत, पहिला काळाकुट्ट, मग करडा, मग पुसट, मग स्वच्छ. कोणत्या तासाला स्वच्छ झाला तो तुमच्या खोलीत, त्या कागदावर, त्या महिन्यातला हात लावायचा मुहूर्त. दुसऱ्याचा आकडा घेऊन उपयोग नाही, पुण्या-मुंबईच्या माणसाची हवा वेगळी, आणि आपलीच मे आणि ऑगस्टची हवा एकमेकींना ओळखत नाही.

इथं एक फसगत होते. मॅट कागदावर इअरबड कधीच पूर्ण पांढरा राहत नाही, महिन्यानंही थोडी काळपट भुकटी येते. ती ओल नाही, ते वर बसलेले पिगमेंटचे कण आहेत. ओल असेल तर इअरबडवरचा डाग पसरट आणि लागट दिसतो, भुकटी असेल तर कोरडी, टिचकी मारली की झडते. दोन-तीनदा केलं की फरक डोळ्याला कळतो. मॅट प्रिंट उघडा टांगायचा असेल तर वरून संरक्षक स्प्रे मारावा, पण पूर्ण वाळल्यावरच.

आणि दोन दिवसांनीही ग्लॉसी कागदावरचा काळा बोटाला येत असेल तर वाट बघत बसू नका, तो वाळणारच नाही. बहुतेक मॅट ब्लॅक गेलाय. माझ्या एका मित्रानं आठवडाभर फॅन लावून वाट बघितली होती.

२४ तासांच्या गटावर आणखी एक करा, दुसरा इअरबड किंचित ओला करून कोपऱ्यावर टेकवा. मायक्रोपोरस, म्हणजे बारीक छिद्रांचं, कोटिंग आणि पिगमेंट असेल तर फारसं हलणार नाही. डाय असेल, किंवा जुन्या पद्धतीचं फुगणारं कोटिंग असेल, तर रंग पसरेल. गिऱ्हाईक ओल्या फडक्यानं पुसणार आहे हे गृहीत धरून चाला.

पायरी ६: कोऱ्या कागदाची टेस्ट

इअरबड वरचं सांगतो, आतलं नाही. आतलं कळायला प्रिंट अर्धा-एक तास मोकळा ठेवा आणि मग त्याच्यावर झेरॉक्सचा साधा ७५ जीएसएम कागद अंथरा, वर एखादा हलका पुठ्ठा. रात्रभर राहू द्या. सकाळी कागद उचला, लाटांसारखा वळलेला असेल तर त्यानं प्रिंटमधली ओल प्यायलीय, नवीन कागद टाका. पुन्हा बघा. कागद सपाट राहायला लागेपर्यंत हे चालू ठेवा. ही टेस्ट पण आहे आणि वाळवायची पद्धत पण आहे, एका दगडात दोन पक्षी.

वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई प्रिंटवर येते. आणि पावसाळ्यात झेरॉक्सचा कागद नुसत्या हवेनंही वाकडा होतो, म्हणून शेजारी एका न छापलेल्या शीटवरही तसाच कागद ठेवा. दोन्ही सारखेच वाकले तर दोष हवेचा, प्रिंटवरचाच जास्त वाकला तर दोष शाईचा.

प्रिंटच्या चळती लावू नका, निदान पहिल्या दिवशी तरी नाही. उन्हात, गच्चीवर, वाळवणासारखे तर अजिबात टाकू नका, कागद गोल होतो, धूळ बसते आणि ऊन रंगाला खातं ते वेगळंच. हेअर ड्रायरनं पाणी पटकन उडेल, ग्लायकोल आतच राहील, म्हणजे पुन्हा कुरडईच. वाळायला उष्णतेपेक्षा हलती हवा लागते. पंखा एकवर, तोंड भिंतीकडं, बस.

पायरी ७: काचेची टेस्ट

जालन्याची फजिती मी या एका टेस्टनं टाळू शकलो असतो, म्हणून ही नीट वाचा. फ्रेमवाल्याकडनं हाताएवढे काचेचे दोन तुकडे मागून आणा, कडा घासून घ्या. त्याच कागदाचा एक तुकडा गडद छापलेला, एक तुकडा कोरा. दोन्हींवर चारी बाजूंनी माउंट बोर्डची (फ्रेममधला जाड पुठ्ठा) पट्टी ठेवा, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही, वर काच, आणि कडांना टेप. दोन्ही तुकडे एकाच उबदार जागी ठेवा, मी फ्रिजच्या वर ठेवतो. थेट ऊन नको.

दुसऱ्या दिवशी काच उचला आणि काळ्या कपड्यासमोर तिरकी धरून मोबाइलचा टॉर्च कडेनं मारा. छापलेल्यावरची काच धूसर आणि कोऱ्यावरची स्वच्छ, तर वाफ निघतेय, फ्रेम करायची नाही. दोन्ही धूसर असतील तर खोलीतली ओल. दोन्ही स्वच्छ तर पुढं चला. प्रिंट काढल्यावर पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी नवा तुकडा घेऊन हे करा. माझ्या खोलीत गडद आरसी प्रिंटला मे महिन्यात दोन-तीन दिवस पुरतात, जुलैत आठवडा लागतो, कॉटन रॅगला दुसऱ्या दिवशीच काच स्वच्छ. प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीलाही हेच लागू, प्रदर्शनात विकायला ठेवलेले प्रिंट लोक घाईनं पिशवीत सरकवतात आणि पिशवी आतून धुरकट होते. कॅनव्हासवर वार्निश लावायचं असेल तर निदान २४ तास थांबा, नाहीतर फुगे आणि पांढरट डाग.

पायरी ८: आता क्वालिटी

निदान एक दिवस वाळलेली टेस्ट शीट घ्या. उजेड महत्त्वाचा. छपाईवाल्यांचं आयएसओ ३६६४ नावाचं मानक आहे, त्यात बारीक तुलनेसाठी डी५० उजेड, म्हणजे ५००० केल्विनच्या आसपास, आणि तोही २००० लक्स (कागदावर पडणाऱ्या उजेडाचं माप), नेहमीच्या बघण्यासाठी ५०० लक्स. घरी आपण ५००० केल्विनचा, सीआरआय (रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) ९० च्या वरचा एलईडी घ्यायचा, नाहीतर दुपारी उत्तरेच्या खिडकीतला सावलीचा उजेड. मग तोच प्रिंट घरातल्या पिवळ्या बल्बखाली आणि पांढऱ्या ट्यूबखाली बघा. एका उजेडात राखाडी आणि दुसऱ्यात हिरवट किंवा गुलाबी झाला तर तो दोष लक्षात ठेवा, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये हे सगळ्यात जास्त टोचतं.

आता अंधाराची ओळ. मॅटवर पहिल्या काही पायऱ्या एकमेकींत मिसळणारच, कारण मॅटचा सगळ्यात खोल काळा डेन्सिटी (गडदपणाचं माप) १.६-१.७ च्या आसपास, बराइटा-ग्लॉसीचा २.२ च्या पुढं. म्हणजे कागदाचा स्वभाव आणि बिघाड यात गल्लत करू नका. कोणत्या आकड्यापासून चौकोन वेगळे दिसायला लागतात तो वहीत लिहा, समजा १२ आला, तर कैलासाच्या खांबावरच्या सावल्या छापायच्या आधी १२ च्या वर उचला. दहा व्हिडिओ बघून जे कळत नाही ते या एका आकड्यानं कळतं.

बराइटा आणि ग्लॉसी प्रिंट डोळ्यासमोर तिरका करून बघा, काळ्या भागात तांबूस-पितळी झाक येते का आणि पांढऱ्या भागाची चमक बाकीच्यापेक्षा वेगळी दिसते का. पहिल्याला ब्राँझिंग म्हणतात. तुमच्या प्रिंटरला ग्लॉस ऑप्टिमायझर, म्हणजे चमक सारखी करणारा बिनरंगी थर, असेल तर दोन्ही कमी होतं.

आडव्या रेघा दिसल्या तर आधी नोझल, मग अलाइनमेंट, मग पेपर फीडचं सेटिंग, याच क्रमानं. कडेला काळे ओरखडे म्हणजे कागद वळलेला, रोलचा असेल तर उलटा गुंडाळून सरळ करा, हेड आणि कागदाखालची पट्टी (प्लेटन) यांच्यातलं अंतर वाढवा. गडद भाग ठिपकेदार, तळं साचल्यासारखा, म्हणजे शाई जास्त, कमी शाई टाकणारा मीडिया टाइप निवडा. यातलं एका वेळी एकच बदला. दोन बदललेत आणि प्रिंट सुधारला तर कशानं सुधारला हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

"प्रिंट डार्क आला" ही तक्रार मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येते, आणि बहुतेक वेळा प्रिंट ठीकच असतो, स्क्रीन भगभगीत असते. मॉनिटरचा ब्राइटनेस ८० ते १२० कॅन्डेलावर (दर चौरस मीटरला, स्क्रीनच्या उजेडाचं माप) आणा. मोजायचं यंत्र नसेल तर उजेडाखाली कोरा कागद धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा त्याच्याएवढा वाटेपर्यंत खाली आणा. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटेल, मग सवय होते.

कागद किती टिकेल याची शंका असेल तर अंधारात यूव्ही टॉर्च मारा, नोटा तपासायला दुकानदारांकडं असतो तोच. कागद निळा चमकला तर त्यात ब्राइटनर, म्हणजे कागद पांढरा दाखवणारं रसायन, आहे, आज पांढराशुभ्र दिसेल आणि काही वर्षांनी ब्राइटनर दमला की पिवळसर. गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकावं.

शेवटची गोष्ट, मूळ प्रत

टेस्ट पास झाली की त्याच शीटची एक प्रत पूर्ण वाळवून काळ्या पाकिटात, अंधारात ठेवा. शाईची बाटली बदलली, कागदाचं नवीन पाकीट उघडलं, प्रिंटर महिनाभर बंद होता, असं काहीही झालं की नवीन शीट काढा, एक दिवस वाळवा, आणि जुन्या प्रतीशेजारी एकाच उजेडात ठेवा. डोळ्यांच्या आठवणीवर जाऊ नका, कालची भाजी किती तिखट होती हे आपल्याला आज सांगता येत नाही.

डॉक्टरांचे चारही प्रिंट मी काचा पुसून, प्रिंट आठ दिवस मोकळे ठेवून, मधे माउंट बोर्ड घालून परत लावून दिले. प्रिंटना काही झालं नव्हतं, नशीब. ती धुकं धरलेली काच त्यांच्या कंपाउंडरनं पुसायच्या आधीच मी एक मागून घेतली होती, अजून कपाटावर आहे, नवीन कुणी शिकायला आलं की टॉर्च मारून दाखवतो.